गोपिकाबाईनं टीव्हीवरची चादर काढली

मानेवाड्यातल्या त्या गल्लीत गोपिकाबाईचं हसणं सगळ्यांच्या ओळखीचं. तोंडाला पदर लावून खुसखुसणाऱ्यांपैकी बाई नव्हतीच. मान मागे टाकून, हातातलं काम सोडून, पार पोटातून हसायची. साडीला फॉल लावता लावता काहीतरी आठवायचं, मशीन थांबायचं, आणि शेजारची कौशल्या भिंतीपलीकडून विचारायची, "आता काय झालं वं, पियुषच्या आई?" स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआड ही इतकी हसली की भटजीला मंगलाष्टक अर्ध्यावर थांबवावं लागलं. सासूनं त्याच दिवशी 'खिदळी' नाव ठेवलं. बिचारीला वाटलं असेल, पोर चार महिन्यांत सुधारेल. कसली सुधारते! सासू गेली, तोवर हिचा पोरगा पियुष कॉलेजात होता आणि ही तशीच्या तशी.

नवरा मात्र त्या हसण्यावरच भाळलेला. रुपराव लकडगंजात एका आरामशीनवर कापलेल्या लाकडाचं माप घ्यायचा. घरी यायचा तेव्हा केसांत, कानांत, शर्टाच्या खिशात नुसता भुसा. हातपाय धुऊन खुर्ची टीव्हीसमोर ओढायचा आणि साडेसात वाजता दोघं जण जी कोणती विनोदी सिरीयल लागेल ती लावून बसायचे. सिरीयल टुकार असली तर आणखी मजा, कारण मग रुपराव नटांच्या तोंडी स्वतःचे डायलॉग घालायचा. अख्खा संसार त्यांनी असा काढला. भांडले नाहीत असं मुळीच नाही, कडकडून भांडले. पण साडेसातच्या आत मिटवायचे.

चैत्र संपता संपता रुपरावला धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांचे चेहरे पाहून त्याला काय ते कळलं होतं. एका दुपारी त्यानं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि बायकोला खुणेनं जवळ बोलावलं. आता हा काय सांगतो, म्हणून ती कान देऊन वाकली. तो म्हणाला, "गोपिका, लाकडं लकडगंजातूनच आणाले सांग पियुषले. ओळखीनं चांगलं देतील. ओलं देऊन राहिले तर घेऊ नका, धूर फार होते." एवढं बोलून त्यानं डोळा मारला. आणि गोपिकाबाई हसली. वॉर्डातले सगळे नातेवाईक वळून पाहायला लागले, सिस्टर धावत आली, आणि नेमकी त्याच वेळी त्याची मोठी बहीण वच्छलाबाई डबा घेऊन दारात उभी होती. भावाच्या खाटेशी भावजय खदाखदा हसतेय, हे तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. रुपराव त्या आठवड्यातच गेला. वच्छलाबाई ते हसणं विसरली नाही.

आता ही वच्छलाबाई कोण ते ऐका. राहायला काटोलला. नात्यागोत्यात कुठंही मयत झालं की पहिला फोन तिला. कारण हेल काढून रडावं ते वच्छलाबाईनंच. गेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण एकेक करून आठवत, शेवटचा सूर लांबवत ती रडायला लागली की पाषाणासारखे पुरुषही उपरण्यानं डोळे टिपत. रुपरावच्या वेळी तर ती स्वतःच्या भावासाठी रडत होती. तेरवीपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ तिचा हेल गल्लीच्या टोकापर्यंत जायचा.

आणि गोपिकाबाई? ती रडलीच नाही. रडायचं नाही असं ठरवलं नव्हतं हो तिनं, रडणं आलंच नाही. घशात काहीतरी गच्च बसलं होतं, ते ना वर येई ना खाली उतरे. बायका येत, गळ्यात पडत, आणि ही त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसे. "डोळ्यात टिपूस नाही," असं कुणीतरी स्वयंपाकघरात बोललं, ते तिनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईनं टीव्हीवर चादर टाकली आणि सगळ्यांसमोर बजावलं, "वर्षाची बरसी होईपर्यंत या घरात हसणं-खिदळणं नाही. चादर मीच काढीन."

चार महिने चादर तशीच राहिली. साडेसात वाजले की गोपिकाबाईला घर खायला उठायचं. समोर चादर घातलेला टीव्ही, शेजारी रिकामी खुर्ची. ती उठून उगीच गॅसचा ओटा पुसायची. पुसलेलाच पुन्हा पुसायची. रडू येत नव्हतं तसं आता हसूही येत नव्हतं, आणि बाईला त्याचीच खरी भीती वाटायला लागली होती. आपण अशाच राहिलो तर? रुपरावबरोबर तेही गेलं असेल तर?

मग एका दुपारी सून काजल पोळ्या लाटता लाटता मोबाइल बघत होती, त्यात जाहिरात लागली. नवी सिरीयल, 'तेराव्याचे पाहुणे'. मरण झालेल्या घरातली हसरी गोष्ट, सोमवारपासून, साडेसात वाजता. काजल म्हणाली, "काय एकेक काढतात नं आई, मेलेल्या घराची पण कॉमेडी." गोपिकाबाईनं पोळी तव्यावर टाकली. "सोमवार म्हणजे परवाच का वं?" काजलचं लाटणं थांबलं.

पियुषचं जरीपटक्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पोरगा भला, पण जगाला भिणारा. रात्री जेवताना त्याच्या कानावर गेलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. "आई, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. लोक काय म्हणतील?"

"मी रडली नाही, तेव्हा लोकं बोलून राहिले नं? मंग हसली तरी बोलतील. बोलूनच घ्यायचं आहे त्यांना, तर मी हसूनच घेते."

"अन् वच्छला आत्या?"

"ते तिच्या घरी चादर टाकेल. हा टीव्ही माह्या नवऱ्यानं आणला आहे."

सोमवारी सकाळी तिनं चादर काढली, बादलीत भिजवली, धोपटून धुतली आणि गच्चीवर अशी वाळत घातली की गल्लीतल्या प्रत्येकीला दिसावी. मुद्दामच घातली. चार महिने जिनं मान खाली घालून भाजी आणली तिनं तेवढं करायलाच पाहिजे होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

साडेसातला सिरीयल लागली. काजल तिच्या मागे दाराशी उभी, धड आत नाही, धड बाहेर नाही. पहिली पाच मिनिटं गोपिकाबाईनं नुसती नावं ठेवली. मेलेल्याचं घर कसलं, लॉन आणि हॉलच होता लग्नाचा. फोटो दरवाज्याएवढा. आणि ती विधवा! केस पार्लरमधून सेट केलेले, पांढरी साडी इस्त्रीची. "हिचा नवरा मेला का हिच्याकडं हळदीकुंकू आहे?" गोपिकाबाई म्हणाली. "अन् तेरावं तेरावं काय लावलं? सरळ तेरवी म्हणा नं. हे मुंबईवाले मेल्यावरही शुद्ध बोलतात." काजल फिसकन हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

मग एक पाहुणा आला. सांत्वनाला आलेला नवऱ्याचा साहेब. तो असा काही रडायला लागला की त्या विधवेनंच त्याला पाणी दिलं, पंखा लावला, शेवटी पलंगावर आडवं करून त्याचे पाय चेपले. गोपिकाबाई खुर्चीतून पुढे सरकली. अगदी असंच झालं होतं! आरामशीनचे शेठजी आले होते, त्यांचं बीपी वाढलं, आणि हिनं नवऱ्याच्या दहाव्याला शेठजींना लिंबूसरबत करून दिलं होतं. ज्यानं कुणी हे लिहिलं होतं, त्यानं मेलेलं घर नक्की पाहिलं होतं. केस सेट करणारा वेगळा आणि लिहिणारा वेगळा, एवढं तिला पटलं.

आणि मग आली आत्या. दारातूनच हंबरडा फोडत आली, विधवेच्या गळ्यात पडली, हेल अगदी वर चढवला, आणि चहाचा ट्रे समोर येताच एकदम साध्या आवाजात म्हणाली, "साखर कमी ना गं? मला डायबेटीस आहे." कप घेतला, एक घोट घेतला, मान हलवली, आणि जिथे सोडलं होतं तिथूनच हंबरडा पुढे सुरू केला.

गोपिकाबाई हसली. आधी नुसता खोकल्यासारखा आवाज निघाला. मग घशात चार महिने बसलेलं ते गच्च एकदम हललं आणि ती हसली, पोटातून, मान मागे टाकून, शेजारच्या खुर्चीचा हात घट्ट धरून. काजल घाबरली, मग तीही हसायला लागली. पियुष आत येऊन दोघींकडे बघत राहिला आणि परत गेला. भिंतीपलीकडून कौशल्यानं मात्र 'आता काय झालं' असं विचारलं नाही. हसणं ओसरलं तेव्हा गोपिकाबाईला इतकं हलकं वाटलं की तिला त्या रात्री पडल्या पडल्या झोप लागली.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या ठेल्याशी बायका एकदम गप्प झाल्या. कौशल्या वांगी उलटीपालटी करत राहिली. गोपिकाबाई म्हणाली, "हाव, मीच हसली. चांगली आहे सिरीयल. तुम्ही पाहून राहिल्या का नाही?" तिनं पावभर वांगी घेतली, कोथिंबीर वरून मागितली आणि ताठ मानेनं घरी आली.

बातमी काटोलला पोचायला एसटी लागत नाही. गुरुवारी संध्याकाळी वच्छलाबाई बॅग घेऊन दारात. राखी दोन दिवसांवर आलेली, तशीही ती येणारच होती, पण चेहरा राखीचा नव्हता. चप्पल काढली, पाणी नको म्हणाली, आणि उघड्या टीव्हीकडे बोट केलं.

"कोणाले विचारून काढली चादर?"

"कोणाले विचारायचं होतं, बाई?"

"माह्या भावाच्या राखेवरचा धूर विरला नाही अजून, अन् तू दात काढून राहिली? तिकडे दवाखान्यातही हसली. मी पाहिलं. चार महिने मी पोटात ठेवलं."

"तेव्हा त्यांनीच हसवलं होतं मले."

"मरून राहिला होता तो!"

"हाव," गोपिकाबाई म्हणाली. "अन् मरता मरता त्यांनी मले हसवलं. तेवढंच द्यायचं राहिलं होतं त्यांच्याजवळ, ते मी घेतलं. तुम्ही असत्या तर काय केलं असतं? नाही म्हटलं असतं?"

वच्छलाबाई आणखी तापली. पियुष दुकानातून लवकर आलेला, भिंतीला टेकून उभा. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "ऐकून घे पियुष, तूही ऐक. आज हा टीव्ही लागला, तर मी याच पावली काटोलले चालली. राखीले येणार नाही, बरसीले येणार नाही, अन् आपल्या भाऊबंदांतलं कोणी येणार नाही हेही पाहीन. करा मंग तुम्ही दोघं-तिघं बसून माह्या भावाची बरसी."

हे ती करू शकत होती. तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. पियुषचा चेहरा पडला. "आई," तो हळूच म्हणाला, "आजच्या दिवस राहू दे नं."

नवऱ्याच्या बरसीला रिकाम्या पत्रावळी, हे चित्र गोपिकाबाईलाही काही सोपं नव्हतं. पण चादर पुन्हा चढली की ते घशातलं गच्चही पुन्हा येऊन बसणार, आणि या वेळी ते हलायचं नाही, हे तिला पक्कं कळत होतं. लोकांना दाखवायला रडावं लागलं असतं तर ती रडलीही असती एकदाची. पण हसू मारून टाकायचं म्हणजे रुपरावच्या बायकोलाच मारायचं. घड्याळात साडेसात होत होते.

"बाई, तुम्ही मोठ्या आहात. माह्या घरात तुमचा मान कधी कमी नाही होणार," ती म्हणाली. "रडाचं आहे तर पोटभर रडा, मी पाणी देते. पण मी माह्या नवऱ्याचं दुःख माह्या पद्धतीनं करीन. येणारे येतील. नाही आले तर मी अन् काजल जेवू." आणि तिनं टीव्ही लावला.

वच्छलाबाईनं बॅग उचलली. खरंच उचलली. उंबऱ्यापर्यंत गेली, चप्पल पायात सरकवली. आतून सिरीयलचा आवाज आला. डायबेटीसवाली आत्या आज दुसऱ्या कुणाच्या मयतीला पोचली होती आणि रडत होती. "हाय हाय, हाय हाय, काय झालं हो हे..."

वच्छलाबाईचा पाय उंबऱ्यावर थांबला. तिनं मान वळवली नाही. पण दुसऱ्यांदा 'हाय हाय' झालं तसं तिला राहवेना. "हे काय रडणं आहे?" ती रस्त्याकडे तोंड करूनच म्हणाली. "नाव तर घे त्याचं! कोणाले रडून राहिली ते लोकायले समजू तर दे."

"तेच मी सोमवारपासून म्हणून राहिली," गोपिकाबाई म्हणाली.

"अन् श्वास पाहा कुठी तोडते. अर्ध्यात. असं कोणी तोडत नाही." वच्छलाबाई वळली. बॅग उंबऱ्यात ठेवली आणि तिच्यावरच बसली, टीव्हीकडे अर्धी पाठ करून, म्हणजे आपण काही बघत नाही हे सगळ्यांना दिसावं. "असं असते," म्हणाली, आणि दाखवायला म्हणून तिनं हेल काढला. "माह्या भावा रे... माह्या रुपरावा रे... आता राखी मी कोणाच्या हाताले बांधू रे..."

दाखवायला म्हणून सुरू केलेलं ते तिसऱ्या शब्दाला खरं झालं. आवाज फाटला. पाठचा एकच भाऊ होता तिचा, शाळेत कडेवर नेलेला. टीव्हीतली आत्या तिकडे रडत होती आणि ही इकडे, आणि हिच्यापुढे ती कुठल्या कुठे गेली. काजलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पियुषनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "माह्या गरीब गाईवाणी भावा रे... कधी कोणाले उलटून बोलला नाही रे... जन्मात कोणाचा अपमान केला नाही रे..."

गोपिकाबाई तिच्याजवळ जाऊन खाली बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमच्या पोरीच्या लग्नात व्याह्याच्या भावाले भैताड म्हटलं होतं त्यांनी."

हेल मधेच अडला.

"माइक चालू होता," गोपिकाबाई म्हणाली. "अख्ख्या पंगतीनं वर पाहिलं होतं."

वच्छलाबाई डोळे गाळत तिच्याकडे बघत राहिली. पुढचा सूर घ्यायला तिनं श्वास ओढला, पण त्या श्वासात काहीतरी भलतंच घुसलं. "अन् मी म्हटलं, जा, आत्ताच्या आत्ता माफी माग," ती कशीबशी म्हणाली, "तर तो बी... तो बी माइकवरूनच मागाले लागला. म्हणते, मी ज्यायले भैताड म्हटलं ते..." पुढे तिला बोलता येईना. गोपिकाबाईनं मान मागे टाकली. वच्छलाबाई तिच्या खांद्यावर कोसळली आणि दोघी हसत सुटल्या, उंबऱ्यात, बॅगेला टेकून. गोपिकाबाईच्या गालांवरून पाणी उतरत होतं, चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि ते पुसायला तिला हसण्यातून फुरसत नव्हती.

फाटक वाजलं. कौशल्या आत आली, पदर डोक्यावर, हातात झाकलेलं ताट. मयतीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी जेवण आणतात, तसं पोळ्या आणि पिठलं. तिनं भिंतीपलीकडून एक सोडून दोन-दोन हेल ऐकले होते, आणि चेहरा रडवा करूनच आली होती. उंबऱ्यातल्या दोघींना पाहून ती होती तिथंच थिजली.

"कोण गेलं?" तिनं विचारलं. मग गोपिकाबाईकडे नीट पाहत, चाचरत म्हणाली, "मले तर वाटलं, पियुषच्या आई, तुम्हीच गेल्या."

गोपिकाबाईनं ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. हसू अजून ओसरलं नव्हतं.

"ते गेले वं, कौशल्या," ती म्हणाली. "मी आहे अजून. तुम्ही सगळ्या मिळून काहून मारून राहिल्या मले?"

वच्छलाबाईनं बॅग बाजूला सरकवून कौशल्याला आत यायला वाट करून दिली.